'जेसन अँड द अर्गोनॉट्स' आजच्या शाळकरी मुलांना दाखवावा का?

बोरीकाठ (अमळनेर):
नमस्कार. अमळनेर तालुक्यातील एका शाळेत मी सातवी ते नववीच्या वर्गांना इतिहास शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी, सोनेरी लोकर आणायला निघालेल्या जेसन या ग्रीक वीराची कथा सांगणारा १९६३ सालचा 'जेसन अँड द अर्गोनॉट्स' हा चित्रपट मुलांना शाळेच्या सभागृहात दाखवावा, असा माझा विचार आहे. ग्रीक पुराणकथांची ओळख त्या निमित्ताने होईल आणि मला स्वतःला तो मनापासून आवडतो. काही सहकाऱ्यांचे म्हणणे मात्र असे, की मोबाइलवर संगणकाने घडवलेले राक्षस रोज पाहणाऱ्या मुलांना या चित्रपटात राक्षस म्हणून वापरलेल्या साठ वर्षांपूर्वीच्या बाहुल्या लटक्या वाटतील; शिवाय संवाद इंग्रजीत, आणि मुलांच्या घरी बोलली जाते ती अहिराणी. मलाही एक गोष्ट खटकते. ज्या पेलियसने जेसनच्या वडिलांचे राज्य बळकावले, त्याचा हिशेब चित्रपट संपला तरी चुकता होत नाही. ज्यांनी हा चित्रपट पाहिला आहे, त्यांनी आपले मत कृपया मोकळेपणाने सांगावे.

केळीबाग (रावेर):
सर, अवश्य दाखवा. लटकेपणाची भीती बाळगणाऱ्या सहकाऱ्यांना आधी टेलॉस या जिवंत होणाऱ्या पुतळ्याचा प्रसंग दाखवा, म्हणजे वाद तिथेच मिटेल. हर्क्युलिस आणि त्याचा सोबती हायलस हे दोघे ब्राँझच्या त्या प्रचंड पुतळ्याच्या पायथ्याशी असलेल्या खजिन्यात शिरतात आणि हर्क्युलिस तिथली भाल्याएवढी एक टाचणी उचलून बाहेर येतो. मग काही क्षण काहीच घडत नाही. आणि अचानक गंजलेल्या बिजागरीसारखा करकर आवाज करीत पुतळ्याची मान त्यांच्याकडे वळते. डोळ्यांत बुबुळे नाहीत, चेहऱ्यावर राग नाही, तरी आपण पकडले गेलो आहोत हे त्या दोघांबरोबर आपल्यालाही कळते. टेलॉसची चाल अडखळती आहे, ती या चित्रपटातल्या बाहुल्या हलवणारे रे हॅरीहाउसेन यांनी जाणूनबुजून तशी ठेवली, कारण धातूचा देह माणसासारखा सहज चालला असता तर तो धातूचा वाटलाच नसता. पुढे जेसन त्याच्या टाचेतले झाकण फिरवून काढतो, आतला द्रव वाहून जातो आणि तो राक्षस श्वास कोंडल्यासारखा गळ्याशी हात नेतो, तेव्हा मला दर वेळी त्याची कणव येते. शत्रूच्या मरणाने हळहळ वाटावी, हे आजच्या किती चित्रपटांना साधते?

पांझराकाठ (धुळे):
चित्रपट पाहण्यासारखा आहे हे मान्य करूनही माझे मत थोडे वेगळे आहे. प्राणी आणि राक्षस पडद्यावर असतात तोवर हा चित्रपट जिवंत असतो. ते नसतात तेव्हा तो बराच निर्जीव वाटतो. जेसनची भूमिका करणारे टॉड आर्मस्ट्राँग देखणे आहेत, परंतु त्यांच्या चेहऱ्यावर फारसे काही उमटत नाही, आणि पडद्यावर ऐकू येणारा आवाजही त्यांचा नाही, तो दुसऱ्या नटाकडून घेतलेला आहे.

माझी खरी तक्रार मेडियाविषयी, म्हणजे जेसनबरोबर निघून जाणाऱ्या राजकन्येविषयी आहे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात अपोलोनियस या कवीने रचलेल्या महाकाव्यात टेलॉसला नमवते ती मेडिया. आपल्या मंत्रविद्येने ती त्याची दृष्टी भ्रमित करते, त्याचा घोटा खडकावर घासतो आणि त्याचे प्राण वाहून जातात. सोनेरी लोकरीची राखण करणाऱ्या सर्पालाही तीच झोपवते. चित्रपटाने ही दोन्ही कामे जेसनच्या पदरात टाकली. टेलॉसचे मर्म त्याला हेरा ही देवी सांगते, आणि सर्पाऐवजी आलेल्या अनेक तोंडांच्या हायड्राला तो तलवारीने मारतो. मेडियाच्या वाट्याला देवळातले नृत्य, कैदेतल्या जेसनची सुटका, बाण लागून पडणे आणि लोकरीच्या स्पर्शाने पुन्हा उठणे, एवढेच उरते. एक स्त्री आपला बाप आणि आपला देश सोडून परक्या माणसाबरोबर जाते, एवढ्या मोठ्या निर्णयामागचे तिचे मन दोन दृश्यांतसुद्धा दाखवलेले नाही. सर, तुमच्या वर्गात मुलीही असतील. त्यांना मूळ कथेतली मेडिया आधी सांगा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

गिरणाकाठ (चाळीसगाव):
ताईंची मेडियाविषयीची तक्रार रास्त आहे. परंतु बाहुल्यांना लटके म्हणणाऱ्यांसाठी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण या चित्रपटाचा प्राण त्या कारागिरीत आहे असे मी मानतो.

शेवटच्या लढाईत जमिनीतून वर येणारे सात सांगाडे तीन माणसांशी लढतात. माणसांचे चित्रण आधी झाले. तलवारबाजीचा सराव खऱ्या माणसांसमोर करून घेतला, आणि मग समोर कोणीही नसताना नटांनी नेमके तेच वार हवेत केले. नंतर हॅरीहाउसेन यांनी ते चित्रण लहानशा पडद्यावर एकेक फ्रेम पुढे सरकवत, त्यासमोर ठेवलेल्या वीतभर उंचीच्या सांगाड्यांचे हात, पाय, मान, ढाल आणि तलवार केसभर हलवली आणि प्रत्येक हालचालीनंतर एक फ्रेम टिपली. पडद्यावर एका सेकंदाला २४ फ्रेम लागतात. या प्रसंगात त्यांचे दिवसाचे सरासरी काम १३ फ्रेम होते, म्हणजे पूर्ण दिवसाच्या मेहनतीतून अर्ध्या सेकंदाच्या आसपास चित्रपट तयार होत असे. अवघ्या काही मिनिटांच्या लढाईला साडेचार महिने लागले. हे सारे काम ते एकट्याने करीत, त्यामुळे कोणता सांगाडा कोणत्या क्षणी कुठे पाहतो आहे, हे त्यांना डोक्यात ठेवावे लागे. ढालीवर वार बसल्यावर सांगाडा किंचित मागे झुकतो, तोल सावरतो आणि मगच पुढे येतो. त्या झुकण्यात त्याचे वजन दिसते, आणि वजन दिसले की डोळा शंका घेत नाही.

आमच्या गावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांची टेबलटॉप छायाचित्रे ज्यांनी रेल्वे स्थानकाजवळच्या त्यांच्या कलादालनात पाहिली आहेत, त्यांना हे लगेच पटेल. मेजावर मांडलेल्या लहान वस्तूंमधून प्रकाशाच्या जोरावर विस्तीर्ण देखावा उभा करणे ही त्यांची साधना होती. सर, अमळनेरहून चाळीसगाव फार दूर नाही. चित्रपटानंतर मुलांची सहल तिथे आणलीत तर त्यांना दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहता येतील.

ज्या वर्षी हा चित्रपट आला, त्या वर्षीच्या ऑस्करमध्ये विशेष दृश्य परिणामांसाठी त्याला साधे नामांकनही मिळाले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. हॅरीहाउसेन यांना अकादमीचा विशेष सन्मान मिळाला तो थेट १९९२ साली.

सातपुडा (शहादा):
भाषेची काळजी करू नका. टेलॉस असो, हार्पी या पंखवाल्या राक्षसिणी असोत वा सांगाडे, मोठ्या प्रसंगांत संवाद जवळजवळ नाहीतच. संगीत बर्नार्ड हरमन यांचे आहे. त्यांनी व्हायोलिनसारखी तंतुवाद्ये पूर्णपणे वगळून पितळी वाद्ये आणि तालवाद्यांवर भर दिला आहे, म्हणून सभागृहातला स्पीकर तेवढा चांगला मिळवा.

शेवटाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत नाही. देवांचा राजा झ्यूस आणि हेरा पटावर सोंगट्या मांडून माणसांचे नशीब खेळवत असतात, हे आपण सुरुवातीपासून पाहतो. शेवटी झ्यूस डाव पुढे कधीतरी खेळू असे म्हणून थांबतो, तेव्हा पेलियसचे काय झाले यापेक्षा माणसाच्या आयुष्याचा निकाल कोण लावतो, हा प्रश्न पुढे येतो. आपल्या मुलांना सारीपाट आणि त्यावर पणाला लागलेली राज्ये ठाऊक आहेत. त्यांना हा शेवट आपल्यापेक्षा लवकर उमगेल, असे मला वाटते.

बोरीकाठ (अमळनेर):
सर्वांचे मनापासून आभार. चित्रपट १०४ मिनिटांचा असल्याने तो दोन भागांत दाखवीन: पहिल्या दिवशी हायलसच्या शोधासाठी हर्क्युलिस बेटावर मागे राहतो तिथपर्यंत, आणि तिसऱ्या दिवशी उरलेला. पांझराकाठ ताई, मधल्या दिवशीचा तास मेडियासाठी राखून ठेवतो. टेलॉसचा वध मुलांनी जेसनच्या हातून नुकताच पाहिलेला असेल, त्यामुळे मूळ कथा ऐकल्यावर ती बदलण्याची गरज चित्रपटकर्त्यांना का वाटली असावी, हे मी त्यांनाच विचारणार आहे. चाळीसगावच्या सहलीसाठी मुख्याध्यापकांकडे अर्ज आजच देतो.