शब्दचर्चा : वॉर्ड, कॉलिंग, साक्ष आणि मयताचे बटाटे

अनुवादिनी :
युटा राज्यातल्या एका मॉर्मन कुटुंबाच्या आठवणी मराठीत आणते आहे. मजकूर हलकाफुलका आहे, धर्मशास्त्र जेमतेम. अडते ती साध्या शब्दांवर. 'वॉर्ड' म्हटलं की आपल्याला एक तर नगरसेवक आठवतो नाहीतर इस्पितळ. 'स्टेक' देवनागरीत लिहिला की ताटातला मांसाचा तुकडाच वाटतो. एकोणीस वर्षांच्या पोराला सगळे 'एल्डर' म्हणतात. आणि एका प्रकरणात बिशपांनी 'नर्सरीचं कॉलिंग' दिलं म्हणून घरातली बाई गाडीत बसून रडते, नवरा हसतो. यात हसायचं काय, हे वाचकाला तळटीप न देता कसं कळवायचं? शिवाय 'फ्यूनरल पोटॅटोज' नावाचा पदार्थ दर दहा पानांनी येतो.

शंकेखोर :
आधी 'मॉर्मन' शब्दाचंच बघा. तो आता त्यांना चालत नाही असं ऐकून आहे.

सॉल्टलेककर :
बरीच वर्षं इथे राहतोय. मी त्यांच्यातला नाही, पण शेजार आणि ऑफिस दोन्ही त्यांचंच, त्यामुळे हे शब्द रोज कानावर पडतात.

शंकेखोरांचं बरोबर आहे, पण त्याला इतिहास आहे. जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या फेएट इथे हा पंथ स्थापन केला. त्याच्या जेमतेम आधी 'बुक ऑफ मॉर्मन' छापून झालं होतं. त्या ग्रंथात मॉर्मन हा संदेष्टा आहे, जुन्या नोंदी संक्षेपाने सोन्याच्या पत्र्यांवर उतरवणारा. विरोधकांनी त्यावरून अनुयायांनाच 'मॉर्मन' म्हणायला सुरुवात केली. म्हणजे मुळात ते चिडवण्याचं नाव. पुढे त्यांनीच ते आपलंसं केलं. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये 'मी मॉर्मन आहे' अशा पाट्या चर्चनेच पैसे मोजून झळकवल्या. आणि २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी सांगितलं की टोपणनाव बंद, पूर्ण नाव घ्या : 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. 'एलडीएस' हे लघुरूपही नको. त्यांच्या जगप्रसिद्ध गायनवृंदाने, मॉर्मन टॅबरनॅकल क्वायरने, त्याच वर्षी नावातला 'मॉर्मन' काढला.

तेव्हापासून ऑफिसातली गंमत पाहण्यासारखी असते. एखादा सहकारी 'आम्ही मॉर्म...' इथवर येऊन थांबतो, छातीत हवा भरून घेतो आणि अख्खं नाव म्हणतो. बाकीचे टाळ्या वाजवतात. बोलताना आता बहुतेक जण नुसतं 'मेंबर' म्हणतात : 'ती मेंबर आहे', 'तिचा नवरा मेंबर नाही'. तुमच्या आठवणी २०१८ च्या आधीच्या असतील तर 'मॉर्मन' निर्धास्त ठेवा. नंतरच्या असतील तर पात्रांच्या तोंडी 'मेंबर' घाला.

नगरी :
मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातला. आमच्या मंडळीत (हो, आम्ही चर्चला मंडळी म्हणतो) यातले बरेच शब्द शंभर वर्षं रुळलेले आहेत. टेस्टिमनी म्हणजे साक्ष. टाइद म्हणजे दशमांश. एल्डर म्हणजे वडील, ज्येष्ठ या अर्थाने. सेंट्सना बायबलच्या मराठीत 'पवित्र जन' आहे, तेच इथे बसतं. 'अखेरच्या दिवसांतले संत' लिहिलंत तर वाचकाच्या डोळ्यांसमोर ज्ञानोबा-तुकाराम येतील. त्यांच्याकडे सेंट म्हणजे कुणी सिद्धपुरुष नव्हे, रविवारी बाकावर बसणारा प्रत्येक जण सेंट.

'स्टेक' बायबलातल्या यशयाच्या चोपन्नाव्या अध्यायातून आलाय. तंबूच्या दोऱ्या लांब कर, मेखा मजबूत कर, असं वचन आहे. तंबू म्हणजे सियोन, देवाची नगरी, आणि त्याला धरून ठेवणाऱ्या त्या मेखा. तेव्हा 'मेख' हा अनुवाद शास्त्रशुद्ध.

शंकेखोर :
'मेखेचे अध्यक्ष उद्या येणार आहेत.' यात काहीतरी मेख आहे असं वाटत नाही का?

सॉल्टलेककर :
म्हणून 'स्टेक'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'आठ-दहा वॉर्डांचा मिळून एक स्टेक' असं वाक्यातच सांगून टाका.

वॉर्डला मात्र मराठी शब्द शोधू नका. इलिनॉय राज्यात नॉवू नावाचं शहर त्यांनी वसवलं, तिथे १८४० च्या दशकात नगरपालिकेच्या वॉर्डांनुसार बिशप नेमले गेले. तोच शब्द पुढे चर्चचा झाला. म्हणजे तुमच्या डोक्यात आलेला नगरसेवकाचा वॉर्ड हेच त्याचं मूळ. आजही तुमचा पत्ता ज्या हद्दीत, तोच तुमचा वॉर्ड. प्रवचन चांगलं असतं म्हणून पलीकडच्या गल्लीतल्या वॉर्डात जाण्याची पद्धत नाही. आवडीचे-नावडते सगळे शेजारी एकाच सभागृहात.

आता कॉलिंग. यांच्या वॉर्डात पगारी पाद्री नसतो. बिशप म्हणजे दिवसा दातांचा डॉक्टर, हिशेबनीस नाहीतर प्लंबर. साधारण पाच वर्षं बिनपगारी बिशपगिरी करायची, मग दुसरा. बाकीची कामंही तशीच वाटलेली : ऑर्गन वाजवणं, लहान मुलांचा वर्ग, हिशेब. तुम्ही अर्ज करत नाही. बिशप बोलावतात, 'प्रार्थना केली, तुमचं नाव आलं' म्हणतात. रविवारी सगळ्यांसमोर नाव वाचलं जातं आणि संमतीसाठी उजवे हात वर होतात. नाही म्हणता येतं, पण सहसा कुणी म्हणत नाही. नर्सरी म्हणजे दीड ते तीन वर्षांची पोरं. ती मोठ्यांच्या सभा चालू असताना सांभाळायची, बिस्किटं वाटायची, नाकं पुसायची. मोठ्या माणसांशी गप्पा बंद. तुमची बाई त्यासाठी रडते. नवरा हसतोय, कारण बहुधा त्याला अजून बोलावणं यायचंय.

अनुवादिनी :
मग कॉलिंगला काय म्हणू? 'नेमणूक' सरकारी वाटतं. 'पाचारण' नाटकी. 'सेवा' म्हटलं तर स्वेच्छेचा भाव येतो, आणि इथे तर पळवाट नाही!

नगरी :
आमच्याकडे 'पाचारण' पाळकांना होतं, ते गंभीर प्रकरण. नर्सरीला नको.

सॉल्टलेककर :
'बिशपांनी तिला नर्सरीत घातलं.' क्रियापदावर भागतंय, नाम कशाला हवं?

अनुवादिनी :
वा. घेतलं.

आता साक्ष. पुस्तकात 'फास्ट अँड टेस्टिमनी' नावाची सभा आहे आणि त्यात चार वर्षांचं पोर बोलतं. ते कसं?

सॉल्टलेककर :
महिन्याचा पहिला रविवार उपासाचा. दोन वेळचं जेवण सोडायचं, पाणीसुद्धा नाही, आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी द्यायचे. अनुवादात 'उपास' लिहा, पण मराठी वाचकाला एकादशीची साबुदाण्याची खिचडी दिसणार नाही एवढं पाहा. इथे 'दुप्पट खाशी' नाही.

त्या दिवशी ठरलेले वक्ते नसतात. ज्याला वाटेल त्याने पुढे जाऊन साक्ष द्यायची. सगळे उपाशी, माईक मोकळा, आणि कुणाला थांबवायचं नाही. एखादे आजोबा साक्ष द्यायला उठतात आणि ट्रेलर घेऊन केलेली सगळी सहल सांगून बसतात. लहान मुलांची साक्ष तर ठरलेली. आई कडेवर घेऊन माईकपाशी नेते, कानात कुजबुजते आणि पोर एकेक तुकडा माईकमध्ये सोडतं : 'मला साक्ष द्यायची आहे... हे चर्च खरं आहे हे मला माहीत आहे... आईबाबांवर माझं प्रेम आहे...' मध्येच आईचा आवाजही माईकमधून ऐकू येतो. सभागृहात हसू दाबलेलं असतं, पण ते कुत्सित नसतं. समोर बसलेल्या प्रत्येकाने कधीतरी हेच केलेलं असतं.

इथे एक निरीक्षण. यांचे विनोद देवावर किंवा संदेष्ट्यावर फारसे नसतात. ते सभांच्या लांबीवर, खाण्यावर, खुर्च्या मांडण्यावर आणि स्वतःच्या उशिरा येण्यावर असतात. आपण जसं 'इंडियन स्टँडर्ड टाइम' म्हणतो तसं ते 'मॉर्मन स्टँडर्ड टाइम' म्हणतात. बहुतेक चर्चच्या इमारतीत प्रार्थनागृहाला लागूनच बास्केटबॉलचं मैदान असतं, मध्ये घडीचा पडदा. गर्दी झाली की पडदा सरकवून मागे लोखंडी खुर्च्या, आणि उशिरा आलेली कुटुंबं बास्केटच्या रिंगखाली बसून प्रवचन ऐकतात. वॉर्डावॉर्डांतल्या बास्केटबॉल सामन्यांची व्याख्या त्यांनीच केलेली आहे : 'प्रार्थनेने सुरू होणारी मारामारी.' २०१८ पर्यंत घरोघरी महिन्यातून एकदा विचारपूस करायला जायचा नेम होता. तो महिनाअखेरीच्या रात्री कसाबसा उरकणारे पुरुष हाही ठरलेला विषय. २०१९ पासून रविवारच्या सभा तीन तासांवरून दोन तासांवर आल्या, त्यामुळे विनोदाचा एक मोठा साठा मात्र गेला.

शंकेखोर :
आणि शिव्या? ऐकलंय ते 'ओ माय हेक' म्हणतात.

सॉल्टलेककर :
म्हणतात. 'हेक', 'फ्लिप', 'फेच', सगळे मवाळ केलेले उद्गार. मराठीत सोय आहे : 'च्यायला' नको असेल तिथे 'च्यामारी' नाहीतर 'आयला'. पण धार्मिक घरातली बाई बोलतेय, तेव्हा 'अगबाई' बरं.

याला सणसणीत अपवाद म्हणजे जे. गोल्डन किंबॉल. तरुणपणी खेचरं हाकायचे, पुढे चर्चच्या वरिष्ठ नेतृत्वात आले, पण जीभ खेचरवाल्याचीच राहिली. प्रवचनात शिवी यायचीच. १९३८ मध्ये गेले, तरी किस्से अजून चालू आहेत. त्यांच्या तोंडी घातलेलं एक वाक्य इथल्या सगळ्यांना पाठ आहे : मला बहिष्कृत करताच येणार नाही, मी फार लवकर पश्चात्ताप करतो. (मुळात 'लवकर'च्या आधी एक शिवी आहे.)

अनुवादिनी :
'जेंटाइल' शब्दही एकदा आलाय, शेजाऱ्यासाठी.

नगरी :
बायबलमध्ये 'परराष्ट्रीय' किंवा 'विदेशी', म्हणजे ज्यू नसलेले.

सॉल्टलेककर :
युटात जुन्या काळी त्याचा अर्थ झाला 'मॉर्मन नसलेला', मग तो कुणीही असो. सायमन बॅम्बर्गर १९१७ ते १९२१ युटाचे गव्हर्नर होते, राज्याचे पहिले बिगरमॉर्मन गव्हर्नर, आणि धर्माने ज्यू. प्रचारात कुणीतरी त्यांना जेंटाइल म्हणून हाकलू लागला, तेव्हा ते म्हणाले म्हणे, ज्यू म्हणून आयुष्यभर बरंच काही ऐकलंय, पण जेंटाइल पहिल्यांदाच! किस्सा कितपत घडला ते सोडा, शब्दाचा अर्थ त्यात नेमका सापडतो. आता हा शब्द क्वचितच ऐकू येतो. 'बिगरमेंबर' करा.

अनुवादिनी :
आणि ते बटाटे? मी 'मयताचे बटाटे' लिहिलंय. संपादक घाबरलेत.

सॉल्टलेककर :
किसलेले बटाटे, चीज, सावर क्रीम, डब्यातलं चिकन सूप, वर बटरमध्ये घोळवलेले कॉर्नफ्लेक्स, आणि सगळं भट्टीत. अंत्यविधीनंतर घरच्यांना वॉर्डातल्या बायका जेवू घालतात, तेव्हा हे हमखास. आपल्याकडे सुतकाच्या घरी शेजारून पिठलं-भाकरी येते तसं. त्या बायकांची संस्था म्हणजे रिलीफ सोसायटी, १८४२ मध्ये नॉवूत स्थापन झालेली. जोसेफ स्मिथ यांच्या पत्नी एमा पहिल्या अध्यक्ष. कुणी आजारी पडो, बाळंत होवो, घर बदलो, यांचा डबा पोचतोच.

पण संपादकांचंही खरं आहे. हे बटाटे ईस्टरलाही होतात आणि सहलीलाही. 'मयताचे' म्हटलं की मराठी माणूस ताट बाजूला सारेल, इथे तर दुसऱ्यांदा वाढून घेतात. 'फ्यूनरल पोटॅटोज'च ठेवा आणि एखाद्या पात्राला नावावरून विनोद करू द्या. हिरव्या जेलोचंही (म्हणजे जेलीचंही) तेच, त्यात किसलेलं गाजर घालतात. २००१ मध्ये युटाने जेलोला राज्याचा अधिकृत खाऊ ठरवलं आणि २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हिरव्या जेलोचे बिल्ले निघाले. (शाकाहाऱ्यांनो, त्यात जिलेटिन असतं. मला इथल्या पहिल्या पंगतीतच एका आजींनी काळजीने सांगितलं.)

शंकेखोर :
चहा-कॉफी वर्ज्य आणि कोक चालतो, हे कसं?

सॉल्टलेककर :
१८३३ च्या 'वर्ड ऑफ विज्डम' या वचनात दारू आणि तंबाखूबरोबर 'गरम पेयं' नको असं आहे. त्याचा अर्थ पुढे चहा आणि कॉफी असा निश्चित झाला. म्हणून कोल्ड कॉफी नाही आणि हॉट चॉकलेट चालतं. कोकबद्दल पिढ्यान्पिढ्या घोळ होता. २०१२ मध्ये चर्चने स्पष्ट केलं की कॅफीनवाली शीतपेयं वर्ज्य नाहीत, आणि २०१७ मध्ये त्यांच्या ब्रिगम यंग विद्यापीठात ती विकायला लागली.

आता दारू नाही, कॉफी नाही, म्हणजे सगळी हौस सोड्यावर. कोकमध्ये नारळाचं सिरप, लिंबू, वर साय, असा 'डर्टी सोडा'. गाडीतूनच घ्यायचा, बारीक गोळीबर्फ घातलेला अर्धी बादली ग्लास. या 'डर्टी' शब्दाच्या मालकीवरून २०१५ मध्ये स्विग आणि सोडालिशस ही दोन दुकानं कोर्टात गेली होती. शब्दचर्चेचा खर्च वकिलांवर.

नगरी :
एक जोड. या लोकांचा आपल्याशी संबंध नवा नाही. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्याच्या छावणीतही त्याने प्रचार केला. आगगाडी सुरू व्हायच्या आधी. पुढे ते टिकलं नाही. आता भारतातला पहिला स्टेक हैदराबादला, २०१२ पासून.

अनुवादिनी :
शेवटचं. जेवणाआधीच्या प्रार्थनेत 'या अन्नाने आमच्या शरीराला पोषण आणि बळ मिळो' म्हणतात आणि समोर डोनट असतात. हे मुद्दाम का?

सॉल्टलेककर :
मुद्दाम नाही. वाक्य तोंडात बसलेलं आहे, समोर काहीही असो. तसंच दुसरं : 'ओलाव्याबद्दल आभार.' वाळवंटी राज्य, त्यामुळे पाऊस पडो, बर्फ पडो, प्रार्थनेत शब्द 'मॉइश्चर'च. ओलावा शब्दशः ठेवा, 'पावसाबद्दल' करू नका, त्यातली मजा जाईल. डोनटपुढे 'पोषण' आणि 'बळ' दोन्ही हवेत, एकही गाळू नका.

आणि 'बुक ऑफ मॉर्मन'मधल्या नावांचे उच्चार तपासा. लीहाय, नीफाय, मोरोनाय. मंदिराच्या कळसावर तुतारी वाजवणारा सोनेरी देवदूत तो मोरोनाय. 'मोरोनी' छापलंत तर इथले मराठी वाचक पत्रं पाठवतील, आणि पहिलं माझं असेल.