सामान हलवणाऱ्या पोरांना वरचे पैसे द्यावेत का? किती? आणि कोणाच्या हातात?

सिंहगडरोडवाली

अकरा महिन्यांचा करार संपतोय, त्यामुळे पुन्हा एकदा बिऱ्हाड पाठीवर. घर तिसऱ्या मजल्यावर आहे. सोसायटीत लिफ्ट आहे, पण तिच्यात 'सामान नेण्यास सक्त मनाई' अशी पाटी. पॅकर्सवाल्याने बांधाबांध, टेम्पो, चढवणं-उतरवणं सगळं धरून चौदा हजार सांगितले आणि फोन ठेवताना म्हणाला, "बाकी पोरांचं चहापाणी तुम्ही बघून घ्या."

यावरून घरात दोन तट पडलेत. नवऱ्याचं म्हणणं, 'सगळं धरून' म्हणजे सगळं धरून. सासूबाईंचं म्हणणं, घामाचं काम आहे, हात आखडू नये. त्यात मागच्या आठवड्यात सोफा घेऊन आलेल्या दोघांना मी शंभर-शंभर दिले, तर समोरच्या काकू म्हणाल्या, "तुम्ही असे देता म्हणून मग आम्हाला मागतात."

माझं मत सांगते. द्यावेत. काम झाल्यावर, प्रत्येकाच्या हातात वेगळे, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आधी. पण सामान अर्ध्या जिन्यात ठेवून कोणी 'खुशीने काय ते द्या' म्हणालं, तर एक रुपया नाही. तुमच्याकडे काय रीत आहे?

हिशेबनीस

अजिबात देऊ नयेत. कंजूष म्हणा हवं तर.

चौदा हजार कसले होते? हमालीचेच ना? मग त्या हमालांना काय द्यायचं हे चौदा हजार घेणाऱ्याने बघावं. 'पोरांचं तुम्ही बघा' याचा सरळ अर्थ असा, की त्याने मजुरी कमी ठरवली आहे आणि उरलेली तुमच्या दयेवर सोडली आहे. तुम्ही शंभर दिलेत की पुढच्या वेळी तो मजुरी शंभराने कमी ठरवणार. म्हणजे तुमचे पैसे पोरांच्या खिशातून फिरून मालकाच्याच गल्ल्यात.

शिवाय द्यायचे तर सगळ्यांनाच द्या. भर उन्हात दुसऱ्या मजल्यावर सिलेंडर चढवणाऱ्याला किती देता? पाण्याचा वीस लिटरचा जार खांद्यावरून आणणाऱ्याला?

सदाफुली

सिलेंडरवाल्याला आमच्याकडे देतात हो, दर वेळी वीस-तीस. आणि दिवाळीला पोस्त वेगळी. तुमच्याकडे जिना चढून कोण येत असेल त्याची मला दया येते.

पंढरी टेम्पोवाला

छोटा हत्ती चालवतो, शिफ्टिंगचीच कामं करतो. वाचत बसलो व्हतो, पण आता र्‍हावंना.

चौदा हजारातलं आमच्याकडं काय येतं ते ऐका. पोरांना हजेरी सातशे-आठशे. सकाळी सातला नाक्यावर, घरी जायची वेळ सांगता येत न्हाई. तुमच्या घरात पॅकिंग झालं नसंल, बिल्डरकडनं चावी आली नसंल, वॉचमन गेटपास मागत असंल, तरी हजेरी तेवढीच. डिझेल, भाडं, हप्ता माझा. बाकीचं हाफिसात बसल्याला.

आता कपाट. लोखंडी साडेसहा फुटी, दोन दाराचं. मॅडम फोनवर सांगत्यात 'एकच कपाट आहे.' ते रिकामं असलं तरी ऐंशी-नव्वद किलोला कमी भरत न्हाई, आन् रिकामं कधीच नसतं. लॉकरची चावी सापडत न्हाई म्हणून लॉकर तसाच भरल्याला. आधी आतले कप्पे काढायचे, आरशाला गादी बांधायची, मग एकानं खालून पट्टा घ्यायचा आन् एकानं वरून तोलायचं. जिन्याच्या वळणावर ते आडवं फिरत न्हाई, उभंच फिरवाय लागतं. त्या वळणावर सगळा भार खालच्या माणसाच्या छातीवर येतो. वरच्याचा हात सुटला तर खालचा संपला. लिफ्ट बंद तुमच्या सोसायटीनं ठेवली. पाय आमचे.

हिशेबनीस साहेब, तुमचं गणित बरोबर हाय. पण मालक मजुरी कमी करतो त्याला तुमचे शंभर कारण न्हाई. नाक्यावर दुसरी पोरं उभी हायेत म्हणून करतो. तुमी दिलं न्हाई तरी तो वाढवून देणार न्हाई.

आयटी पार्कातला

पंढरीदादा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण आमच्या भागातला अनुभव लिहितो. टेम्पो गेटवर आला की आधी चार जण मोटारसायकलवर हजर. पॅकर्सची माणसं आमची, पैसे भरून आणलेली. तरी हे म्हणणार, 'या एरियात माल उतरवायचा हक्क आमचा. तुमच्या माणसांकडून उतरवायचा तर उतरवा, पण वाराई द्या.' वाराई म्हणजे माल उतरवण्याची मजुरी. आकडा पाच हजारांपासून सुरू. घासाघीस करून दोन हजारांवर आले. हात एकाही खोक्याला लावला नाही. बायको कडेवर पोर घेऊन उन्हात उभी.

केरळात याला 'नोक्कुकूली' म्हणतात, म्हणजे नुसतं उभं राहून बघण्याची मजुरी. तिथल्या सरकारने १ मे २०१८ पासून ती बंद केली, तेही डाव्यांचं सरकार असताना. आपल्याकडे मात्र पावती फाडून देतात, वर कुठल्या तरी माथाडी, म्हणजे हमालांच्या, संघटनेचं नाव. हे एकदा भोगलं की 'चहापाणी' ऐकूनच डोकं फिरतं. क्षमस्व, पण माझ्या खिशातून आता वरचा पैसा निघत नाही.

घणसोलीकर

आयटीवाले, ते माथाडी नव्हेत. संघटनेच्या नावाचं पावतीपुस्तक कोणीही छापून घेतं. माथाडीचा मुलगा म्हणून सांगतो.

माझे वडील आधी मशीद बंदरला आणि बाजार इकडे आल्यावर वाशीच्या मार्केटला गोण्या वाहायचे. तेव्हा धान्याची गोणी शंभर किलोची. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ सालीच एका माणसावर पंचावन्न किलोच्या वर ओझं नको अशी शिफारस करून ठेवली होती, पण ती शिफारस मशीद बंदरच्या गल्लीत पोचायला फार वर्षं लागली. पन्नास किलोची गोणी आली तोवर वडिलांच्या मानेखाली घट्टा पडला होता, तळहाताएवढा, काळा, हात लावला तर चामड्यासारखा. आई रात्री त्यावर तेल चोळायची.

पण त्यांनी आयुष्यात कोणाकडे बक्षिशी मागितली नाही, आणि मागावी लागली नाही. १९६९ चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र करून लढा दिला तेव्हा कुठे तो झाला. पद्धत अशी, की व्यापारी मजुरी थेट हमालाला देत नाही, माथाडी मंडळात भरतो, आणि मजुरीवर ठरलेल्या टक्क्यांची लेव्ही वेगळी भरतो. त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना. मालक रोज बदलला तरी हमालाचं खातं एकच. आमच्या घराचं कर्ज त्या फंडावर फिटलं.

पुण्यातही बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, 'कष्टाची भाकर' ही स्वस्त जेवणाची केंद्रं चालवली. तिथेही मागणं हक्काचं होतं, मेहेरबानीचं नाही.

म्हणून मला या धाग्याचा प्रश्नच चुकीचा वाटतो. शंभर द्यावेत की दोनशे, यात काय अर्थ आहे? पॅकर्सच्या पोरांचं कुठल्या मंडळात नाव आहे का, ते विचारा. पाठ गेली तर कोण बघणार आहे, ते विचारा.

पंढरी टेम्पोवाला

घणसोलीकर भाऊ, तुमच्या वडलांना नमस्कार. पण मंडळात नाव लागंल तवा लागंल. आमच्यातलं एक पोरगं मेच्या सीझनला बिहारवरनं येतं आन् पावसाळ्याआधी जातं. त्याला कुठलं मंडळ आन् कुठला फंड. त्याला त्या संध्याकाळचे दोनशे कळत्यात.

एडिसनची मावशी

इथे न्यू जर्सीत मूव्हर्सना टिप न देता दार लावून घेतलंत तर असभ्य ठरता. माणशी वीस ते चाळीस डॉलर, जिने आणि पियानो असेल तर जास्त. वर तासाचा दर चालूच असतो. ऑगस्टमध्ये मुलाला हॉस्टेलवर सोडायला गेलो तेव्हा सोफा, पलंग, टिप धरून जो आकडा झाला त्यात सांगलीला लग्न झालं असतं.

पण हिशेबनीसांची भीती खोटी नाही, म्हणून लिहितेय. इथे हॉटेलातल्या वेटर लोकांना टिप मिळते म्हणून केंद्रीय कायद्यात मालकाने त्यांना द्यायचा रोख किमान दर वेगळा ठेवला आहे, तासाला २.१३ डॉलर. १९९१ पासून तेवढाच! काही राज्यांनी आपापला वाढवला, पण केंद्राचा हललेला नाही. मालक गिऱ्हाइकाकडे बोट दाखवतो, गिऱ्हाईक मालकाकडे. एकदा टिप हा पगाराचा भाग झाला की मग ती मागे घेता येत नाही. भारतात ते व्हावं असं मला वाटत नाही. आणि तरी मी पुण्यात आले की सगळ्यांना देते, हेही खरं.

हिशेबनीस

मावशी, धन्यवाद. कोणी तरी वकीलपत्र घेतलं माझं.

सदाफुली

वकीलपत्र कसलं, शेवटी देतातच म्हणाल्या त्या.

पैशांचं सोडा, खायला घालायचं काय? आमच्याकडे आई सगळ्यांना पोहे करायची. आता गॅसच बांधलेला असतो, म्हणून मी वडापाव मागवते. ते चालतं ना? पैसे द्यायला कसंतरीच वाटतं, भीक घातल्यासारखं.

पंढरी टेम्पोवाला

ताई, वडापाव चालतो. नुसत्या वडापाववर भागवू नका एवढंच. आन् खरं सांगू का, सगळ्यात आधी बाथरूम. सकाळपासनं चार घरं फिरतो, एक जण वापरू देत न्हाई. सोसायटीचं वॉचमनचं असतं तिथं बी कुलूप. थंड पाणी सगळे देत्यात, मग ते पाणी जायचं कुठं ह्याचा इचार कोणी करत न्हाई.

हिशेबनीस

हे मात्र पटलं. यात पैशाचा प्रश्नच नाही, बाथरूम वापरू द्यायलाच हवं.

आता माझा व्यवहारी मुद्दा. टिप दिली की तक्रार करायला तोंड राहत नाही. माझ्या मेव्हण्याने दिलदारपणे पाचशे दिले आणि संध्याकाळी फ्रंटलोड मशीन लावलं तर ते घरभर नाचायला लागलं. प्रवासात ड्रम हलू नये म्हणून मागे जे बोल्ट लावायचे असतात, ते लावलेच नव्हते. कंपनी म्हणते, तुम्ही 'समाधानकारक' वर सही केली आहे. म्हणून आधी टीव्ही, मशीन, फ्रिज चालवून बघायचं, मग सही. द्यायचेच असतील तर पैसे त्यानंतर.

पंढरी टेम्पोवाला

ते बोल्ट मशीन घेताना मेकॅनिक काढून तुमच्याच हातात देतो. लोक ते भंगारात टाकत्यात आन् शिफ्टिंगच्या दिवशी आमाला इचारत्यात. जपून ठेवा, पिशवीत घालून मशीनच्या मागं चिकटवा. फ्रिज पोचल्या पोचल्या चालू करू नका, दोन-चार तास उभा राहू द्या. म्हंजे फ्रिज बघून पैसे देणार असाल तर आमी जेवायलाच थांबतो.

सिंहगडरोडवाली

हसले!

बरं, मी ठरवलंय. चौघांना दोनशे-दोनशे, पाकिटं आधीच करून ठेवणार, कारण त्या दिवशी सुट्टे कधीच सापडत नाहीत आणि एकाच्या फोनवर आठशे पाठवले की तो वाटेलच याची खात्री नाही. मुकादमाकडे तर मुळीच द्यायचे नाहीत. टीव्ही-मशीन बघून सही, पण त्यांना ताटकळत ठेवायचं नाही. लिफ्टच्या पाटीबद्दल सेक्रेटरींना पत्र दिलंय. आत प्लायवूड लावून दुपारी दोन तास सोडा म्हटलंय. 'बघू' म्हणालेत.

समोरच्या काकूंना मात्र सांगितलं, मी देणार. तुम्हाला मागितलं तर नाही म्हणा, इतकं सोपं आहे.

आयटी पार्कातला

गेटवर मोटारसायकलवाले आले तर पाकिटं बाहेर काढू नका. सरळ ११२ लावा आणि व्हिडिओ सुरू ठेवा. आम्ही ते केलं नाही, म्हणून दोन हजार गेले.

घणसोलीकर

आणि पावती दिली तर तिच्यावरच्या संघटनेचं नाव माथाडी मंडळात जाऊन विचारा. त्या लोकांनी आमचं नाव खराब केलंय.

हिशेबनीस

माझं मत तेच, मी देणार नाही. पण पुढच्या वेळी कोटेशन मागताना विचारेन, की यातली जिन्याची हमाली किती आणि ती पोरांच्या हातात किती जाते. उत्तर देईल त्याच कंपनीला काम.

पंढरी टेम्पोवाला

साहेब, अशी कंपनी घावली तर मला बी नंबर द्या. गाडी तिकडंच लावतो.