बागेत उतरलेले वाटसरू पक्षी: तुमचे अनुभव लिहा

पितृपक्ष लागला की पुण्यातले पक्षीवाले उजनी जलाशयाकाठच्या भिगवणचे बेत आखायला लागतात. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आणि बदकं यायला अजून अवकाश असतो, तरी बेत सुरू. माझं मत विचाराल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात दुर्बीण घेऊन घराजवळच्या बागेत जावं. युरोपियन रोलर, स्पॉटेड फ्लायकॅचर ही मंडळी आपल्याकडे मुक्कामाला येत नाहीत. मध्य आशियाकडून आफ्रिकेला निघालेली असतात, वाटेत पोटभर किडे खातात आणि पुढे जातात. परतताना बहुतेक जण पश्चिमेकडच्या वाटेने जातात, त्यामुळे बघायची संधी याच दिवसांत. आणि उतरायला त्यांना अभयारण्य लागत नाही, चार झाडं आणि भरपूर माश्या पुरतात.

आमच्या टेकडीखालच्या बागेत बंद पडलेल्या कारंज्याच्या पाइपावर असाच एक स्पॉटेड फ्लायकॅचर बसायचा. झेप, माशी, परत त्याच पाइपावर. येणारे-जाणारे ‘एशियन ब्राऊन’ (दुसरा एक फ्लायकॅचर) म्हणून पुढे जात. पण डोळा एशियन ब्राऊनसारखा टपोरा नव्हता, आणि कपाळावर, छातीवर पेन्सिलीने ओढल्यासारख्या बारीक रेघा होत्या. आता तुम्ही लिहा. फोटो नसला तरी चालेल, जागा कशी होती ते मात्र सांगा.

मुलुंडहून
आमच्याकडे नवरंग! परदेशी नाही, पण प्रवासीच. पावसाळ्यात वीण आटोपली की दक्षिणेकडे निघतो, प्रवास रात्रीचा, आणि दिव्यांनी-काचांनी गोंधळून इमारतींवर आदळतो. ऑक्टोबरात सकाळी सोसायटीच्या बागेत वॉचमनकाकांना कण्हेरीखाली बसलेला सापडला. पोटाखाली लालभडक, पंखावर निळा पट्टा, आणि शेपूट जवळजवळ नाहीच. मुलं दूध पाजायला निघाली होती, त्यांना आवरलं. चोचीत पाणीसुद्धा घालायचं नसतं. बुटाच्या खोक्याला भोकं पाडून अंधारात, शांत जागी ठेवला. संध्याकाळी खोक्यात धडपड ऐकू यायला लागली, तेव्हा झुडपाशी नेऊन झाकण उघडलं. पालापाचोळ्यातून टुणटुण उड्या मारत गेला. जखम दिसली असती तर थेट प्राणिमित्रांना फोन.

नागपूरहून
भाऊ, आमच्या कॉलनीच्या बगीच्यात फॉरेस्ट वॅगटेल आला होता! बाकीचे धोबी पक्षी (वॅगटेल) शेपूट वर-खाली हलवतात, हा डावीकडे-उजवीकडे डोलवतो. छातीवर दोन काळे पट्टे. पूर्व आशियातून येतो, जातो दक्षिणेकडे. बांबूखाली, जिथे माळी कचरा टाकतो, तिथेच फिरत होता. बगीचा फार झाडूनपुसून ठेवला की असे पक्षी थांबत नाहीत, हे मी माळीबुवांना सांगितलं. त्यांना मनापासून पटलं, काम वाचलं ना!

ठाण्याहून
वरच्या सगळ्यांना एक विनंती: नेमकी जागा लगेच ग्रुपवर टाकू नका. आमच्या बागेत आलेल्या एका पाहुण्यामागे दुसऱ्या दिवशी मोठ्या लेन्सांची रांगच लागली. कुणी मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवतंय, कुणी फांदीवर अळ्या ठेवतंय. अहो, त्याला अजून समुद्र ओलांडायचाय, खाऊ द्या की निवांत! लाइफर (आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेला पक्षी) मिळाला म्हणून पेढे जरूर वाटा, पण जागा सांगायची तर पक्षी निघून गेल्यावर.

लंडनहून
इथे आत्ता ऐन हंगाम आहे. घराजवळच्या पार्कात यलो-ब्राउड वॉर्बलर (पिवळ्या भुवईचा वटवट्या) मिळाला. सैबेरियात वीण, हिवाळा आग्नेय आशियात, आणि तरी दर शरदात काही जण उलट पश्चिमेला ब्रिटनमध्ये उतरतात. जेमतेम सहा-सात ग्रॅमचा जीव! आधी आवाज आला, शेवटी वर चढणारी बारीक शीळ. मग पिवळ्या पडलेल्या पानांत तो शोधताना मान अवघडली. पुण्यात असताना झाडावरच्या वटवट्यांकडे ‘सगळे सारखेच’ म्हणून पाठ फिरवायचो. इथले आजोबा लोक प्रत्येक भुवई तपासतात.

लोणावळ्याहून
बाग नाही, पण नोव्हेंबरअखेरीस आमच्या पठारावर डोकं वर करून बघा. अमूर ससाणे! सैबेरिया-चीनकडून निघून नागालँडात थांबतात, मग आपल्यावरून अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत. हवेतच चतुर पकडून उडता उडता खातात.

नाशिकहून
गोदाकाठच्या बागेत कालपासून खाटीक पक्षी (श्राइक) आहे. पाठ वाळूच्या रंगाची, शेपूट तांबूस. ब्राऊन श्राइक की इसाबेलिन? फोटो धूसर आलाय.

धागाकर्ता
@नाशिक, पाठ फिकी आणि शेपूट तांबूस उठून दिसत असेल तर इसाबेलिन. ब्राऊनमध्ये दोन्हींचा रंग बराचसा जुळतो. पाठीवर खवल्यांसारख्या रेघा असतील तर यंदाचं पिल्लू, मग रेड-बॅक्ड श्राइकचाही विचार करा, तो आपल्याकडे खरा दुर्मीळ. पाठीचा आणि शेपटीचा फोटो हवा. 5 नोव्हेंबरला पक्षी सप्ताह सुरू होईल, तोवर थांबू नका. उद्या उजाडताच जा.