वसई किल्ल्यातील मठाच्या भग्नावशेषांत लग्न लावता येते का?

पाचपाखाडीकर (ठाणे) यांचा प्रश्न:

सप्रेम नमस्कार. माझ्या मुलीचे लग्न येत्या माघ महिन्यात करायचे ठरले आहे. आम्ही ठाण्याचे आणि व्याही नेरूळचे. मुलीच्या मैत्रिणीचे लग्न इंग्लंडमध्ये एका पडक्या ॲबीच्या, म्हणजे ख्रिस्ती संन्याशांच्या जुन्या मठाच्या, आवारात झाले आणि ती छायाचित्रे पाहिल्यापासून हॉलमधले लग्न तिला नकोसे झाले आहे. छप्पर नसलेल्या उंच कमानी आणि त्यांखाली अंतरपाट, असे दृश्य आपल्या परिसरात कोठे जमेल याचा शोध घेताना दोघेही वसईच्या किल्ल्यापाशी येऊन थांबले असून तेथील फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचे अवशेष त्यांना सर्वाधिक पसंत पडले आहेत.

सव्वाशे माणसांत गोरज मुहूर्तावर लहानसा मांडव घालून विधी करावेत आणि तेथेच केळीच्या पानांवर पंगत वाढावी, असा आमचा विचार आहे. लग्नाची कंत्राटे घेणाऱ्या एका गृहस्थांनी “परवानगीचे आम्ही पाहतो” असे सांगून आगाऊ रक्कम मागितली आहे. अशी परवानगी खरोखर मिळते का आणि ती कोणाकडे मागावी लागते, हे जाणकारांनी सांगावे.

मासुंदा यांचे उत्तर:

पाचपाखाडीकर, सर्वप्रथम ती आगाऊ रक्कम देऊ नका. वसईचा किल्ला हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे आणि त्याची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. या खात्याच्या मुंबई मंडळाचे कार्यालय शीवच्या किल्ल्यावर आहे, तेथे आपण स्वतः जाऊन विचारू शकता. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्याखाली १९५९ साली जे नियम झाले, त्यांनुसार संरक्षित स्मारकात सभा, स्वागतसमारंभ, मेजवानी किंवा करमणुकीचा कार्यक्रम करायचा असेल तर केंद्र सरकारची लेखी परवानगी लागते. ती कोणा मध्यस्थाच्या ओळखीवर मिळण्याजोगी गोष्ट नाही. मान्यताप्राप्त धार्मिक प्रथेनुसार होणाऱ्या कार्यक्रमांना या नियमात सूट आहे आणि विवाह हाही संस्कारच असल्यामुळे ती आपल्याला लागू होईल असे कोणीतरी सुचवील. परंतु पोर्तुगीज संन्याशांच्या चर्चमध्ये सप्तपदी घालण्याची प्रथा कधीच नव्हती, त्यामुळे हा युक्तिवाद टिकेल असे मला वाटत नाही.

परवानगी मिळाली असे क्षणभर धरले तरी आपण रंगवलेल्या लग्नातले फारसे काही उरत नाही. स्मारकात स्वयंपाक करण्यास आणि ठरवून दिलेल्या जागेखेरीज खाण्यास त्याच नियमांनी मनाई आहे, म्हणजे पंगत बाद झाली. प्राणी आणि वाहने आत आणता येत नाहीत, म्हणून नवरदेवाचा घोडा आणि सामानाचा टेम्पो दोन्ही बाहेर राहतील. मांडवाचे खांब रोवायला जमीन खणणे, भिंतीला खिळा मारणे, तोरणासाठी दोरी ताणणे, यांतले काहीही चालणार नाही, आणि चुन्यात बांधलेल्या जुन्या दगडी भिंतीलगत होम पेटवला तर त्या धुराने धरलेली काजळी नंतर कोण काढणार? अडचणींत भर म्हणजे आपला मुहूर्त गोरज आहे. अशी स्मारके साधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ खुली असतात, त्यामुळे मंगलाष्टके सुरू होण्याच्या वेळीच पहारेकरी मंडळींना बाहेर काढू लागेल.

लंडनहून परतलेला यांचे उत्तर:

माझ्या भाच्याचे लग्न यॉर्कशायरमधील एका भग्न मठाच्या आवारात झाले, त्यास मी हजर होतो, म्हणून त्या छायाचित्रांमागची बाजू सांगतो. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने १५३६ ते १५४१ या काळात इंग्लंड आणि वेल्समधील मठ बरखास्त केले, छपरांवरचे शिसे काढून विकले गेले आणि पुढे आसपासच्या लोकांनी दगडही नेले. आज जो ‘रोमँटिक’ सांगाडा दिसतो तो या सरकारी लिलावाचा परिणाम आहे. ११३२ साली स्थापन झालेला आणि १५३९ मध्ये बंद पडलेला फाउंटन्स ॲबी हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. परंतु अशा ठिकाणी अवशेषांभोवती कातरलेली हिरवळ असते, ये-जा करण्याचे मार्ग ठरलेले असतात, देखरेखीला पगारी माणसे असतात आणि समारंभांचे उत्पन्न हा देखभालीच्या खर्चाचा एक भाग धरलेला असतो. आपल्याकडे त्यातले काहीच नाही. वसईत प्रसाधनगृह कोठे आहे, हा प्रश्न सव्वाशे पाहुण्यांच्या वतीने आधी विचारून पाहा.

कायद्याची गोष्टही छायाचित्रात दिसत नाही. इंग्लंडमध्ये नागरी विवाह मान्यताप्राप्त वास्तूच्या आतच लागत असे. त्याच वास्तूच्या आवारात उघड्यावर तो लावण्याची मुभा १ जुलै २०२१ पासून मिळाली. (स्कॉटलंडची रीत निराळी आहे, तेथे जागेऐवजी विवाह लावणाऱ्या व्यक्तीला मान्यता लागते.) शिवाय नागरी विवाहाच्या विधीत धार्मिक भाग चालत नाही. त्यामुळे आमच्या भाच्याने कमानींखाली निबंधकासमोर सह्या केल्या, आणि होम व सप्तपदी दुसऱ्या दिवशी गावातल्या एका साध्या सभागृहात झाली. ते सभागृह अल्बमात शोधूनही सापडत नाही! पाऊस मात्र दोन्ही दिवस होता.

पापडीची लेक यांचे उत्तर:

काका, मी वसईची ख्रिस्ती आहे आणि नोकरीनिमित्त ऐरोलीत राहते. कायद्याचे वर आलेच आहे, मी वेगळे सांगते. ज्या फ्रान्सिस्कन चर्चविषयी आपण लिहिले आहे, त्याच्या जमिनीत पोर्तुगीज घराण्यांच्या थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत आणि त्यांवर कोरलेली नावे व चिन्हे आजही दिसतात. आपला मांडव, पाट आणि पंगत नेमकी त्यांच्यावर येईल. पोर्तुगिजांनी १५३४ साली वसई घेतली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली, हे आम्ही शाळेत सगळ्यांबरोबरच शिकलो आणि त्या विजयाचा आम्हाला आकस नाही. परंतु कोणाच्याही थडग्यावर पान मांडून जेवणे आपल्यालाही रुचणार नाही, अशी माझी खात्री आहे. याच किल्ल्यात नागेश्वर आणि वज्रेश्वरी यांची देवळे आहेत, त्यांच्या सभामंडपात कोणी केवळ छायाचित्रांसाठी पार्टी ठेवली तर आपल्याला जे वाटेल तेच आम्हाला येथे वाटते.

मुलीची हौस मोडू नये, हेही मला कळते. आमच्याकडे चर्चमधला विधी झाल्यावर जेवण बऱ्याचदा वाडीत असते. केळी आणि नारळीच्या बागेत मांडव घालायला जागा असते, पाणी असते, आचाऱ्याला चूल मांडता येते आणि बागेच्या मालकाशी बोलणे झाले की काम होते. तेथे लग्न लावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-नवरीने जवळच्या चार माणसांसह किल्ला पाहायला जावे. साधी छायाचित्रे काढायला कोणी अडवत नाही. व्यावसायिक चित्रीकरण करायचे असेल तर मात्र परवाना आधी घ्यावा लागतो. पाहुण्यांना घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत अडकवण्यापेक्षा भाईंदरहून रो-रोने, म्हणजे माणसांबरोबर वाहनेही नेणाऱ्या बोटीने, आणा, ती किल्ल्याजवळच लागते.

पाचपाखाडीकर:

सर्वांचा मनापासून आभारी आहे. थडग्यांचे वाचल्यावर मुलगी स्वतःच म्हणाली की तेथे नको. जावईबापूंचे मात्र म्हणणे आहे की २०१९ मध्ये राज्य सरकार काही किल्ले लग्नकार्यासाठी देणार होते, तर केंद्राच्या यादीत नसलेला एखादा किल्ला का पाहू नये? दुसरे असे की, ठाण्यात नोंदणी पद्धतीने विवाह करून वाडीत केवळ जेवण ठेवले तर चालेल का?

मासुंदा:

ती २०१९ ची बातमी आली तेव्हा एवढा गदारोळ झाला की शिवकालाशी निगडित किल्ल्यांना हात लावणार नाही असा खुलासा सरकारला करावा लागला. त्या वाटेला न जाणे बरे. राज्य संरक्षित स्मारकांना १९६० चा वेगळा कायदा आहे, तेव्हा केंद्राच्या यादीत नाव नाही म्हणजे रान मोकळे, असे होत नाही.

नोंदणीबाबत घाई करू नका. विशेष विवाह कायद्याखाली विवाह करायचा तर दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे आणि नोटीस दिल्यावर आणखी ३० दिवस थांबावे लागते. ठाणे आणि नेरूळ दोन्ही ठाणे जिल्ह्यातच येतात, ही आपली सोय आहे. वसई मात्र २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. आणि हिंदू विवाह कायद्याखाली नुसती नोंदणी करून विधी टाळायचे मनात असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले आहे की विधी झालेच नसतील तर नोंदणीच्या दाखल्याने विवाह सिद्ध होत नाही. वाडीत सप्तपदी घालणार असाल तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

पापडीची लेक:

काका, माघात वाड्यांना मागणी फार असते, कारण आमच्याकडची लग्नेही ईस्टरपूर्वीचे उपवास सुरू होण्याआधी उरकलेली असतात. शक्य झाल्यास या रविवारीच येऊन दोन-तीन वाड्या पाहून जा. आणि मुहूर्त सकाळचा काढून घ्या, म्हणजे पाहुण्यांना संध्याकाळच्या रो-रोने परतता येईल.