जुनी डिझेल जीप सकाळी उठत नाही: इंदिरानगर, नाशिकच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-२०३: नमस्कार. पप्पांची महिंद्रा एमएम ५४० जीप, प्यूजो इंजिनची. सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, मग पांढरा धूर सोडत सुरू होते. नंतर दिवसभर अर्ध्या सेल्फवर लागते. गॅरेजवाला पंप (नोझलला दाबाने डिझेल देणारा मुख्य पंप) उतरवून ओव्हरहॉल करा म्हणतोय. खरंच पंप असेल का?

ए-१०४: ताई, पंपाला आत्ता हात लावू देऊ नका. झिजलेला पंप बहुधा गरम इंजिनवर जास्त छळतो, कारण तापलेलं डिझेल पातळ होऊन झिजलेल्या फटींतून निसटतं. तुमचं नेमकं उलट आहे. सकाळीच त्रास म्हणजे एक तर हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत गरमी देणारे) गेलेत, नाहीतर रात्रीत डिझेलच्या लाइनने हवा घेतलीय. गाडी उभी कशी असते?

बी-२०३: रॅम्पवर काका, तोंड वर करून.

ए-१०४: मग हवेवर संशय जास्त. इंजिन टाकीपेक्षा वर राहतं, कुठूनतरी हवा शिरते आणि लाइनमधलं डिझेल रात्रभर हळूहळू टाकीत परत उतरतं. आज रात्री सपाट जागेवर लावा. उद्या नीट सुरू झाली तर अर्धं उत्तर मिळालं.

सी-५०२: धूर थंडपणीच येतो आणि मिनिटभरात विरतो ना? त्याला डिझेलचा वास असेल तर ते न जळलेलं डिझेल. गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) बघावं लागेल.

बी-२०३: विरतो. वास डिझेलचाच. टाकीखाली थेंबही नाही, मग गळती कुठून?

ए-१०४: इथेच सगळे फसतात. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाकडे ढकलणारा छोटा पंप) ही ओढणारी बाजू. तिथल्या फटीतून इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून सगळं कोरडं दिसतं. फीड पंपाच्या पुढे दाब असतो, तिथली गळती ओली दिसते. तेव्हा फिल्टर आणि मुख्य पंपाच्या मध्ये तात्पुरता फूटभर पारदर्शक डिझेल पाइप लावा. इंजिन चालू असताना बुडबुडे दिसले की हवा नक्की. मग टाकीची लाइन सोडवून फीड पंपाला कॅनमधलं स्वच्छ डिझेल थेट द्या. बुडबुडे थांबले तर दोष टाकीकडच्या रबरी पाइपात किंवा क्लॅम्पमध्ये. थांबले नाहीत तर फीड पंपाकडच्या जोडणीत. बुडबुडे अजिबात नाहीत, तरी रात्रीत डिझेल उतरतं, तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह बघा.

रबरी पाइप सगळे एकदमच बदला, डिझेलसाठीचेच घ्या. बँजो बोल्टचे (पाइप जोडणारे, आतून पोकळ बोल्ट) कॉपर वॉशर दर वेळी नवे. दाबलेला वॉशर पुन्हा बसवला की तिथूनच हवा घेतो.

सी-५०२: लाइन उघडली की आत शिरलेली हवा, म्हणजे एअर, काढायची पद्धत लिहितो. आधी फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा) सैल करून फीड पंपाचा हातप्रायमर, म्हणजे हाताने डिझेल ढकलायचा दट्ट्या, मारायचा. फेस येईल, मग निव्वळ डिझेल. प्रायमर मारता मारताच स्क्रू आवळायचा. पंपावर ब्लीड स्क्रू असेल तर तिथेही तसंच. एवढ्यावर सुरू नाही झाली तर नोझलकडचे दोन पाइपनट सैल करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, दहा सेकंद सेल्फ, मग मिनिटभर विश्रांती, नाहीतर सेल्फ जळेल. डिझेल उडायला लागलं की नट आवळा.

चेहरा आणि हात लांब ठेवा. गळक्या पाइपावर बोट फिरवून कधीच बघू नका, पुठ्ठा धरा. त्या दाबाची धार कातडीत शिरते आणि जखम सुईएवढीच दिसली तरी थेट हॉस्पिटल गाठावं लागतं.

डी-१०१: हीटर कसे तपासायचे?

सी-५०२: आधी त्यांना जोडणारी पट्टी काढायची. ती तशीच ठेवली तर एक चांगला प्लग बाकीच्यांचा दोष झाकतो. मग एकेका प्लगवर मीटर लावा: दोन ओहमच्या आत आलं तर ठीक, काहीच दाखवलं नाही तर तार तुटलीय. चारपैकी दोन गेले तरी थंडीत इंजिन रडतं, आणि नाशिकची डिसेंबरची पहाट तुम्हाला माहीत आहेच. हीटर बिघडले म्हणून स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर ईथर वेळेआधी पेटतं, पिस्टनची रिंग तुटू शकते.

डी-१०१: आताच्या डिझेलमध्ये सल्फर कमी म्हणून जुन्या पंपासाठी थोडं रॉकेल घालतात ना?

ए-१०४: अजिबात नको. बीएस-६ डिझेलमध्ये सल्फर १० पीपीएमपर्यंतच असतं हे खरं, पण पंपाला लागणारं वंगण त्यात मिसळलेलं असतं. रॉकेल डिझेलपेक्षा कोरडं, त्याने पंप उलट लवकर झिजतो. जुने रबर सील मात्र या डिझेलने आकसून गळू शकतात, ते बदलून घ्या.

बी-२०३: पावसाळ्यात गाडी उभीच राहील. काय करू?

ए-१०४: टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं, आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर जंतू वाढून काळा चिकट गाळ फिल्टर चोंदतो. फिल्टरखालचा ड्रेन उघडून पाणी काढत राहा. आणि नुसतं पाच मिनिटं चालू ठेवू नका. ऑइल तापत नाही, ओल आतच राहते. चालवायचीच तर अर्धा तास, गंगापूर रोडला फेरी मारून आणा.

चॅसीवर जुनं ऑइल फासू नका, रबरी बुश फुगतात. गंजावर थेट रबर कोटिंग तर त्याहून वाईट, ओल आत कोंडते. आधी तारेच्या ब्रशने खरवडा, मग झिंक फॉस्फेट प्रायमर, मग रंग. फ्लोअरखालची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा.

सेक्रेटरी: पार्किंगमध्ये काम करताना सांडलेलं डिझेल टिपायला वाळू आणि अग्निशामक जवळ ठेवा. काढलेलं ऑइल गटारात नको, ते नासर्डी नदीतून गोदावरीत जातं. डब्यात भरून गॅरेजला द्या.

सी-५०२: ताई, आरसी बघा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं, फॉर्म २५ वर. मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत पेठ रोडच्या आरटीओत अर्ज करता येतो. दिल्लीतला दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवरचा नियम इथे लागू नाही, त्यापायी कोणी भीती घालून स्वस्तात मागितली तर देऊ नका.

बी-२०३: आज सपाट जागेवर लावते. गॅरेजवाल्याला पंप उतरवू नको असं सांगितलंय.

ए-१०४: छान. पारदर्शक पाइप माझ्याकडे आहे, आतला व्यास तेवढा मोजून कळवा.