१८० फोटोंचा व्हिडिओ घरच्या कॉम्प्युटरवर: शॉटकट अडकतं, काय करावं?

त्रिमूर्तीनगर
आईबाबांच्या लग्नाचा ५०वा वाढदिवस हिंगणा रोडच्या एका लॉनवर आहे. जेवणाआधी एलईडी स्क्रीनवर गाण्यांसकट फोटोंचा व्हिडिओ लावायचा आहे, ६ मिनिटांच्या आत. फोटो साधारण १८०: ७०-८० जुन्या अल्बममधले, बाकी नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले. विंडोज १०, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. शॉटकट या व्हिडिओ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे फोटो एकदम टाकले की ते अडकतं. उभ्या फोटोंच्या बाजूला काळे पट्टे येतात. आणि मराठी अक्षरं कशी टाकायची?

धरमपेठकर
आधी हिशेब करा. प्रत्येक फोटो ४ सेकंद आणि दोन फोटोंच्या मध्ये १ सेकंदाचं विरघळणं (ट्रान्झिशन, म्हणजे एक फोटो दुसऱ्यात मिसळणं) धरलं, तर एका फोटोला निव्वळ ३ सेकंद मिळतात. म्हणजे ६ मिनिटांत १२० फोटो. ६० फोटो काढावेच लागतील. २ सेकंदांत सगळे कोंबता येतात, पण मग आजीचा चेहरा ओळखेपर्यंत पुढचा फोटो आलेला असतो.

अडकायचं कारण सॉफ्टवेअर नाही, फोटोंचा आकार आहे. १२ मेगापिक्सेलचा फोटो डिस्कवर ४ एमबीचा दिसला तरी उघडल्यावर ४०००×३०००×४ बाइट, म्हणजे ४८ एमबी मेमरी खातो. तुमचा व्हिडिओ १९२०×१०८०चाच राहणार. इरफानव्ह्यू या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅच कन्व्हर्जन (सगळे फोटो एकदम बदलायची सोय) उघडा, लांब बाजू २४०० पिक्सेल ठेवा, 'लहान फोटो मोठे करू नका' ही खूण करा, क्वालिटी ९२. एक्झिफनुसार (कॅमेऱ्याने फोटोत लपवून ठेवलेल्या माहितीनुसार) आपोआप फिरवण्याची खूणही तिथेच करून घ्या, नाहीतर काही फोटो आडवे पडलेले दिसतील. आयफोनचे एचईआयसी फोटो याच वेळी जेपीईजी करून टाका.

नावं ००१, ००२ अशी द्या. नुसती १, २, १० दिली की काही ठिकाणी १ नंतर थेट १० येतो. स्कॅन केलेल्या फोटोंवर तारीख स्कॅनची असते, म्हणून तारखेनुसार क्रम लावण्याच्या भानगडीत पडू नका.

आणि हे सगळं एकाच फोल्डरमध्ये, कॉम्प्युटरच्या डिस्कवर. प्रोजेक्ट फाइलमध्ये फोटो नसतात, फक्त त्यांचा पत्ता असतो. पेन ड्राइव्हवरून काम केलं आणि तो काढला की फाइल सापडत नाही म्हणून बोंब.

इतवारीवाला
अल्बमच्या फोटोंचं सांगतो. मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका भाऊ, चकाकी येते आणि कडा वाकड्या होतात. फ्लॅटबेड स्कॅनर हवा. ४×६ इंची प्रिंट ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केली की ३६००×२४०० मिळते. ३०० वर १८०० च येते, ती स्क्रीनच्या रुंदीलाही पुरत नाही, झूम तर दूरच. जुने पासपोर्ट साइजचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो १२०० वर करा. काच दर ८-१० फोटोंनंतर कोरड्या मऊ फडक्याने पुसा. धुळीचा एक कण एलईडीवर बोराएवढा दिसते. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटते. पान अख्खंच काचेवर ठेवा, वरचा प्लास्टिकचा पडदा उचलून.

व्हॉट्सॲपचे फोटो साध्या पद्धतीने आले असतील तर लांब बाजू १६०० च्या आसपास असते. महत्त्वाचे १५-२० तरी परत मागवा, 'डॉक्युमेंट' म्हणून. बाकीचे चालून जातील.

धरमपेठकर
आता शॉटकट. फोटो टाइमलाइनवर नाही, प्लेलिस्टमध्ये टाका, सगळे निवडा आणि प्लेलिस्टच्या मेनूतून स्लाइडशोमध्ये जोडा. तिथे फोटोची वेळ ४ सेकंद, ट्रान्झिशन १ सेकंद, झूम ५ ते ८ टक्के. त्याच खिडकीत काळ्या पट्ट्यांऐवजी अंधूक पार्श्वभूमी निवडता येते. 'क्रॉप सेंटर' (कडा कापून पडदा भरणं) सरसकट लावू नका: ४:३ फोटो १६:९ मध्ये भरला की उंचीचा चौथा हिस्सा जातो, आणि ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्यांची डोकी त्यातच असतात.

उभे फोटो दोन-दोन जोडले तर छान दिसतं. ३:४ चा फोटो १०८० उंचीला ८१० रुंद होतो. दोघांचे १६२०, उरले ३००, म्हणजे कडेला, मध्ये आणि दुसऱ्या कडेला १००-१०० पिक्सेल मोकळे. जिम्प या फोटो एडिटरमध्ये असा १९२०×१०८० चा कॅनव्हास एकदा बनवून ठेवा.

फुटाळा_काठ
झूमबद्दल माझं मत वेगळं आहे. सगळ्याच फोटोंना दिला की पाळण्यात बसल्यासारखं होतं, शिवाय फार संथ झूम थरथरतो, कारण चित्र पूर्ण पिक्सेलच्या उड्या मारत सरकतं. जुन्या एकट्या चेहऱ्यांना द्या, ग्रुप फोटो स्थिर ठेवा.

मराठीसाठी युनिकोड फॉन्टच वापरा: मुक्ता, बालू २ किंवा नोटो सान्स देवनागरी. कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर चिकटवला की अगम्य इंग्रजी चिन्हं येतात. शॉटकटमध्ये 'लक्ष्मी', 'वऱ्हाड', 'आशीर्वाद' हे तीन शब्द टाइप करून तपासा. एखादं जोडाक्षर तुटलं तर ती पाटी लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये करून पीएनजी घ्या. अक्षरं ६० पिक्सेलपेक्षा लहान नकोत. बाजूंना ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल जागा सोडा, लॉनवाल्याची स्क्रीन कडा कापू शकते.

त्रिमूर्तीनगर
स्लाइडशोने काम झालं, अडकत नाही. एक्स्पोर्ट कशात करू?

इतवारीवाला
एमपी४ फाइल, एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत), १०८०पी, सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेम, ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट). आवाज एएसी, १९२ केबीपीएस. मिनिटाला ६० एमबी, ६ मिनिटांचे ३६० धरा. एच.२६५ कितीही लहान झालं तरी नको, जुने प्लेअर ते उचलत नाहीत. आधी ३० सेकंदांचा तुकडा काढून बघा. मधे हिरवी किंवा काळी फ्रेम दिसली तर एक्स्पोर्टच्या सेटिंगमधले हार्डवेअर एन्कोडर आणि पॅरलल प्रोसेसिंग दोन्ही बंद करा.

नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) चालू आहे, तेव्हा एक्स्पोर्ट रात्री लावा. भर दुपारी प्रोसेसर तापून वेग कमी करते. कूलरचा झोत कॅबिनेटवर नको, ओली हवा आत जाते. यूपीएस नसेल तर लाईट जायच्या आधी सेव्ह, प्रत्येक पायरीला.

पेन ड्राइव्ह फॅट३२ प्रकारात फॉरमॅट केलेला ठेवा, फाइलचं नाव साध्या रोमन अक्षरांत, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लॉनच्याच मशीनवर लावून बघा. तिथे फोटो काळवंडलेले वाटले तर परत येऊन गॅमा (मधल्या छटांचा उजेड) थोडा वाढवायला एक रात्र हाताशी राहते.