गोधडी शिकताना काय आणावे, काय आणू नये

अ-३०२ : सर्वांना नमस्कार. सोमवारपासून दुपारी तीन वाजता क्लब हाऊसमध्ये गोधडी शिवायला बसायचे ठरले आहे, परंतु आम्हा चौघींपैकी एकीनेही आजवर बटणापलीकडे काही शिवलेले नाही. नवशिक्यांसाठी म्हणून ऑनलाइन मिळणारा एक संच मी पाहिला. त्यात फिरत्या पात्याचे कटर, त्याखाली घालायची हिरवी चटई, पारदर्शक पट्ट्या, क्लिपा आणि तीन प्रकारची पेने आहेत. ब-१०४ च्या काकूंना विचारते, हा संच मागवावा का?

ब-१०४ : मागवू नका. ते सामान वाईट नाही, पण ते वेगळ्या कामाचे आहे. विलायती पद्धतीच्या क्विल्टमध्ये वरचा थर लहान तुकडे नेमक्या मापाने कापून जोडलेला असतो, मध्ये तयार भराव आणि खाली अस्तर असते. तिथे एक तुकडा पाव इंचाने चुकला तरी पुढची सगळी रांग तिरकी जाते, म्हणून कटर आणि चटई लागते. आपल्या गोधडीच्या पोटात जुनी लुगडीच जातात. सुती साडीच्या काठाला कात्रीने इंचभर चीर देऊन दोन्ही हातांनी फाडले, की ती धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जाते. पट्टीने आखूनही इतकी सरळ रेघ येत नाही.

तेव्हा पहिले सामान म्हणजे साडी. पाच वारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब असते आणि तिचा पन्हा सुमारे १.१ मीटर असतो, त्यामुळे एका साडीतून जवळजवळ चौरस असे पाच तुकडे निघतात. बाळाच्या दुपट्याला तीन थर पुरतात. उरलेल्या दोन तुकड्यांत ठिगळे आणि गोट होतो. पहिल्याच खेपेला दुहेरी पलंगाची गोधडी हाती घेऊ नका, ती अर्धवट अवस्थेत माळ्यावर जाते. तुकडा उजेडासमोर धरून त्यामागे हात न्यावा. बोटे स्पष्ट दिसली तर तो भाग विरलेला आहे असे समजून मधल्या थरात घालावा. जरीचे काठ आधीच उसवून ठेवावेत, कारण जर अंगाला टोचते.

अ-२०३ : काकू, माझ्याकडच्या सगळ्या साड्या सिंथेटिक आहेत. त्या चालतील का? की दुकानातून नवीन कापड आणू?

ब-१०४ : सिंथेटिक नको; थर एकमेकांवर घसरतात आणि ते कापड घाम शोषत नाही. नवीन घ्यायचेच असेल तर मलमल किंवा पातळ मांजरपाट घ्या, मात्र रात्रभर पाण्यात भिजवून, खळ काढून आणि वाळवूनच वापरा. माझ्या पहिल्या दुपट्याला मी हौसेने नवी लाल पाठ न भिजवता लावली होती. पहिल्याच धुण्यात ती आकसली, वरची जुनी पांढरी साडी गुलाबी झाली आणि दुपटे पापडासारखे वाकले. तेव्हापासून गडद रंगाचे कापड ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून पाहिल्याशिवाय मी घेत नाही.

क-५०१ : आमच्याकडे एक दाभण पडून आहे. सुईऐवजी तो चालेल का?

ब-१०४ : भाऊ, दाभण पोत्यासाठी असतो. साडीत त्याची भोके दिसतात आणि भोकातून कापड फाटत जाते. सुई लांब, टोकदार आणि मोठ्या नेढ्याची हवी, कारण गोधडीत एकेक टाका न काढता सुईवर चार-पाच टाके भरून मगच ती ओढायची असते. अशी सुई तीन थरांतून ढकलताना मधल्या बोटाच्या टोकाला पहिल्या अर्ध्या तासातच खड्डा पडतो, म्हणून धातूचे अंगुस्तान घ्या आणि ते दुकानात बोटात घालून पाहूनच घ्या. हात खाली केल्यावर गळून पडले तर ते आपल्या मापाचे नाही.

दोरा सुतीच घ्या. पॉलिएस्टरचा दोरा तुटत नाही ही खरी गोष्ट, पण जुने मऊ सूत त्याच्यापुढे टिकत नाही. माझ्या अनुभवात दोरा शाबूत राहतो आणि त्याच्याकडेने साडी कापली जाते. भरतकामाच्या सहा पदरी लडीतले तीन पदर वेगळे केले तरी छान चालतात. दोरा हातभरच घ्यावा आणि मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढावा, म्हणजे गुंता होत नाही. लांब दोरा घेऊन वेळ वाचवू पाहणारी बाई तो वेळ गाठी सोडवण्यात घालवते.

अ-३०२ : खुणा करण्यासाठी पेन, आणि ताणून धरण्यासाठी चौकट लागेल ना?

ब-१०४ : खुणेला शिंप्याचा खडू किंवा झिजलेल्या साबणाची चिप पुरते, बॉलपेन कधीही नको. चौकटही नको. थर फरशीवर पसरून, मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढायच्या, कोपऱ्यांवर डबे ठेवायचे आणि वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके घालायचे. या कामात कंटाळा केला तर शेवटी मधोमध फुगा येतो आणि तो उसवल्याशिवाय जात नाही. त्यानंतर कडेने धावदोरा सुरू करून आत आत यावे.

क-५०१ : शिलाई मशीनवर हे सगळे लवकर होणार नाही का?

ब-१०४ : होईल, पण मशीनच्या साध्या पायाखाली, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या भागाखाली, खालचा थर पुढे सरकतो आणि वरचा मागे राहतो. त्यासाठी वॉकिंग फूट मिळतो, जो वरचे कापडही सोबत ओढतो. सुई ९०/१४ क्रमांकाची आणि टाका सुमारे ३ मिलिमीटरचा ठेवतात. पुढे शिका, आत्ता नाही.

सोमवारी येताना प्रत्येकीने धुतलेली एक साडी, कापडासाठी राखलेली कात्री आणि बसायला चटई आणावी. कात्रीने दुधाच्या पिशव्या कापलेल्या नसाव्यात. आपापल्या फ्रिजवरचे एखादे चुंबकही आणावे. दुपट्यात राहिलेली टाचणी बाळालाच टोचते, तेव्हा टाचण्या मोजून लावायच्या, मोजून काढायच्या, आणि एक जरी कमी भरली तरी ती चुंबकाने सापडेपर्यंत कोणी उठायचे नाही.